कालियामर्दन

कालियामर्दन : (१९१९). भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी निर्माण केलेला पौराणिक मूकपट. कृष्णाच्या बालक्रीडा आणि यमुनेच्या डोहातील कालिया नागाचे दमन हा त्याचा विषय. बालकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. ती त्या वेळी सुमारे सात वर्षांची होती. मूळ चित्रपटाची लांबी सुमारे ६,००० फूट होती व तिच्यापैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग आज उपलब्ध आहे. फाळके यांच्या मूकपटांपैकी सर्वाधिक प्रमाणात शिल्लक राहिलेला हा चित्रपट असल्याने, त्यांची निर्मितिपद्धती समजून घेण्याचे ते एक महत्त्वाचे साधन ठरते.

पार्श्वभूमी : अद्‌भुत कथा पडद्यावर आणण्यासाठी जी विविध कौशल्ये लागतात, ती फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वीच आत्मसात केली होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला व बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण इ. विषय ते शिकले. पुरातत्त्व खात्यात त्यांनी आरेखक व छायाचित्रकार म्हणून काम केले. पुढे लोणावळ्यास शिळाछापाच्या व्यवसायात असताना राजा रविवर्मा यांच्या देवादिकांच्या रंगीत चित्रांच्या छपाईशी त्यांचा निकटचा संबंध आला. एका जर्मन जादूगाराकडून ते जादूचे प्रयोग शिकले आणि आपल्या आडनावातील अक्षरांचा क्रम उलटवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करीत. १९११ मध्ये मुंबईस ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना, राम आणि कृष्ण पडद्यावर कधी दिसतील, हा विचार त्यांच्या मनात आला. ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये लिहिलेल्या लेखमालेत त्यांनी या अनुभवाची हकिगत दिली आहे. १९१२ साली त्यांनी लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणली व ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा राजा हरिश्चंद्र प्रदर्शित झाला.

म्हणजेच कृष्णचरित्र हा फाळके यांच्या मूळ संकल्पाचाच भाग होता. परंतु तो पुरा होण्यास काही वर्षे जावी लागली. पहिल्या महायुद्धामुळे कच्ची फिल्म व भांडवल या दोहोंची टंचाई निर्माण झाली. १९१७ मधील लंकादहन या चित्रपटाच्या यशानंतर मुंबईतील भांडवलदारांच्या भागीदारीत १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. श्रीकृष्णजन्म (१९१८) आणि कालियामर्दन हे तिचे आरंभीचे महत्त्वाचे चित्रपट होत.

कथावस्तू : कालियादमनाची कथा भागवत पुराणाच्या दशम स्कंधात (अध्याय १६) येते. कालियाच्या विषाने यमुनेचा डोह दूषित झाला होता. कृष्ण काठावरील कदंबावर चढून डोहात उडी घेतो, नागाच्या फणांवर नृत्य करून त्याचा गर्व हरण करतो आणि नागपत्न्यांच्या विनवणीवरून त्याला जीवदान देऊन रमणक द्वीपाकडे पाठवितो, अशी ही कथा आहे. लोकपरंपरेत तिला खेळाची जोड मिळाली. गोपाळांच्या खेळात चेंडू यमुनेत पडतो व तो आणण्याच्या निमित्ताने कृष्ण डोहात उतरतो, हे रूप महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. भागवतात मात्र हा चेंडू नाही.

चित्रपटाचा मोठा भागही खेळकर खोड्यांनी व्यापलेला आहे. सवंगड्याचा अपमान करणाऱ्या स्त्रीची कृष्ण आणि त्याचे मित्र खोड काढतात. लोण्याची चोरी होते. एका प्रसंगात कृष्ण रात्री एका सधन गृहस्थाच्या शयनगृहात शिरतो व झोपलेल्या पतीची दाढी आणि पत्नीचे केस एकमेकांस बांधून ठेवतो. गाऱ्हाणी घेऊन लोक नंद-यशोदेकडे येतात. या घरगुती विनोदानंतर कृष्ण डोहात उडी घेतो व चित्रपटाचा सूर पालटतो. आरंभीचा व्रात्य मुलगा आणि शेवटी फणांवर उभा राहिलेला देव हे एकच आहेत, हे प्रेक्षकाला पटावे, अशी कथानकाची रचना आहे.

पात्रयोजना : चित्रपटाच्या आरंभकाळी स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नसत. राजा हरिश्चंद्रातील तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. तो मुंबईतील एका उपाहारगृहात कामाला होता. लंकादहनात तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यानेच केल्या. मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे कमलाबाई गोखले) यांनी कामे केली, हा त्या काळातील अपवाद होय. कालियामर्दनात याच्या उलट, मुलीने मुलाची, तीही देवाची, भूमिका केली. ही निवड सोयीची होती. तथापि ज्या व्यवसायाला समाजात प्रतिष्ठा नव्हती, त्यात निर्मात्याने स्वतःच्या मुलीला उभे केले, या गोष्टीलाही महत्त्व आहे. राजा हरिश्चंद्रात रोहिदासाचे काम फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केले होते.

निर्मितिप्रक्रिया : फाळके यांच्या चित्रपटांमागे एका कुटुंबाचे श्रम होते. पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने पहिल्या उद्योगासाठी दिले. आरंभीच्या चित्रपटांच्या वेळी कच्ची फिल्म छिद्रांविना येई. रात्री अंधारात यंत्राने तिच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने कालविणे व फिल्म धुणे ही कामे त्या शिकल्या. चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून पात्रांवर प्रकाश परावर्तित करणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणे, हेही त्यांच्याकडेच असे. राजा हरिश्चंद्रानंतर फाळके यांनी आपले बिऱ्हाड व काम नाशिकला हलविले. गोदावरीचे घाट, जुने वाडे व देवळे यांमुळे पौराणिक चित्रपटांना लागणारी पार्श्वभूमी तेथे सहज मिळे.

त्या काळात चित्रण मुख्यतः सूर्यप्रकाशातच होई. घराच्या आतील दृश्यांसाठी छत नसलेले देखावे उभारीत. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. सेकंदाला साधारणपणे सोळा चित्रे या बेताने तो फिरवावा लागत असल्याने चित्रकाचा हात चुकला, की पडद्यावरील हालचाल बिघडत असे. त्या काळी वापरात असलेल्या फिल्मवर तांबडा रंग काळा उमटे. त्यामुळे रंगभूषा व वेशभूषा करताना डोळ्यांना काय दिसते, यापेक्षा फिल्मवर काय उमटेल, याचा विचार करावा लागे.

युक्तिदृश्ये : मूकपटांच्या काळातील बहुतेक चमत्कार कॅमेऱ्यातच घडवीत असत. कॅमेरा स्थिर ठेवून मध्येच थांबवावयाचा, पात्र वा वस्तू बदलावयाची व पुन्हा चित्रण चालू करावयाचे, ही त्यांतील सर्वांत सोपी युक्ती होय. अशा चित्रणात वस्तू क्षणात प्रकट किंवा लुप्त झालेली दिसते. एका रूपाचे दुसऱ्यात हळूहळू रूपांतर दाखविण्यासाठी पहिल्या दृश्याच्या शेवटी भिंगातून येणारा प्रकाश क्रमाने बंद करीत, फिल्म तेवढीच मागे गुंडाळीत आणि तिच्यावरच दुसरे दृश्य प्रकाश क्रमाने वाढवीत घेत. फिल्मचा काही भाग झाकून दोनदा चित्रण केल्यास एकाच चौकटीत भिन्न आकारमानांच्या आकृती दाखविता येत. श्रीकृष्णजन्माच्या उपलब्ध भागात कंसाचे शिर धडावेगळे होऊन पुन्हा जागेवर येताना दिसते, ते अशाच कौशल्याचे उदाहरण आहे. धुतलेली फिल्म पाहीपर्यंत युक्ती साधली की नाही, हे कळण्याचा मार्ग नसे व चूक झाल्यास सारे दृश्य पुन्हा घ्यावे लागे.

कालियामर्दनाचा कळस म्हणजे डोहातील झुंज. पाण्याखाली प्रचंड नागाशी झगडणारे बालक आणि काठावर आक्रोश करणारे गोकुळवासी अशी दृश्ये आलटून-पालटून येतात. एकाच वेळी दोन ठिकाणी घडणारी घटना संकलनाने गुंफण्याचा हा प्रयत्न भारतीय चित्रपटाच्या बाल्यावस्थेत लक्षणीय आहे. प्रेक्षकाला कृष्ण सुरक्षित असल्याचे ठाऊक असते, काठावरच्या माणसांना ते ठाऊक नसते. झुंजीतील उत्कंठा या अंतरातून निर्माण होते. शेवटी फणांवर उभी असलेली कृष्णमूर्ती प्रेक्षकांना सन्मुख होते. तिच्या मांडणीत रविवर्म्यांच्या शिळाछाप चित्रांचा व देवळातील दर्शनाचा संस्कार स्पष्ट दिसतो.

पडद्यामागील कलेचे दर्शन : चित्रपटाचा आरंभ वैशिष्ट्यपूर्ण आहे. कथा सुरू होण्यापूर्वी मंदाकिनी प्रेक्षकांसमोर येते व चेहऱ्यावर निरनिराळे भाव क्रमाने दाखविते. त्यानंतर तिचे कृष्णवेशातील रूप पडद्यावर उमटते. देव म्हणून जिला पाहावयाचे, ती एक लहान मुलगी आहे, हे निर्माता प्रथमच सांगून टाकतो. हा योगायोग नव्हता. १९१७ साली फाळके यांनी चित्रपट कसे तयार करतात हा लघुपट काढला होता. त्याच्या शिल्लक राहिलेल्या भागात ते नटांना सूचना देताना आणि फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना दिसतात. जादूगार आपली युक्ती सहसा गुप्त ठेवतो. फाळके यांनी ती प्रेक्षकांपुढे मांडली. हा धंदा एतद्देशीयांना साध्य आहे, तो शिकता व शिकविता येतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. चित्रपटनिर्मितीकडे ते स्वदेशी उद्योग म्हणून पाहात, हे त्यांच्या लेखनावरूनही दिसते.

लोकांचा प्रतिसाद : फाळके यांच्या पौराणिक चित्रपटांना मिळालेला प्रतिसाद केवळ करमणुकीच्या स्वरूपाचा नव्हता. लंकादहनाच्या वेळी राम पडद्यावर येताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत, अशा आठवणी नमूद आहेत. खेड्यापाड्यांतील भाविक बैलगाड्यांतून रामदर्शनासाठी येत, असे चित्रपटनिर्माते जे. बी. एच्. वाडिया यांनी लिहून ठेवले आहे. कालियामर्दनानेही मोठी लोकप्रियता मिळविली. मूकपटाला भाषेची अडचण नसल्याने आणि कथा सर्वांना ठाऊक असल्याने, अशा चित्रपटांना देशभर प्रेक्षक लाभला. निरक्षरांना उपशीर्षके वाचता येत नसली, तरी त्यांची समजूत अडत नसे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मंदाकिनीचे हावभाव पाहिलेला प्रेक्षक थोड्याच वेळाने तिच्यातील कृष्णाला नमस्कार कसा करू शके? भोळेपणा हे याचे पुरेसे उत्तर नव्हे. दशावतारी खेळात किंवा रामलीलेत देवाचे सोंग घेणारा गावातीलच मुलगा असतो, हे सर्वांना माहीत असते; तरी सोंग उभे असेपर्यंत त्याला मान दिला जातो. सोंग आणि देव यांतील भेद जाणूनही दोन्ही स्वीकारण्याची ही रीत प्रेक्षक चित्रपटगृहात आपल्याबरोबर घेऊन आला. फाळके यांनी पडद्यामागील कला उघड केल्याने भक्तिभाव उणावला नाही, याचे कारण बहुधा हेच असावे.

उत्तरकाल व जतन : भागीदारांशी मतभेद झाल्याने फाळके यांनी लवकरच कंपनी सोडली व काही काळ ते काशीस राहिले. तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. पुढे ते कंपनीत परतले. पण पूर्वीचे स्वातंत्र्य त्यांना लाभले नाही. १९३१ मध्ये बोलपट आल्यानंतर त्यांची पद्धती मागे पडली. गंगावतरण (१९३७) हा कोल्हापुरात काढलेला बोलपट त्यांचा अखेरचा चित्रपट होय. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. जादूगार म्हणून आरंभ करून युक्तिपटांचा पाया घालणारे फ्रेंच चित्रपटकार झॉर्झ मेल्येस (१८६१–१९३८) यांच्याही वाट्याला उतारवयात असेच विस्मरण आले.

फाळके यांनी जवळजवळ शंभर कथापट काढले. त्यांपैकी फारच थोड्यांचे अवशेष उरले आहेत. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही व लवकर नाश पावणारी होती आणि प्रदर्शनाचा काळ संपल्यावर ती जपून ठेवण्याची व्यवस्था नव्हती. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर पी. के. नायर यांनी फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग मिळविण्यासाठी परिश्रम घेतले. कालियामर्दन आज पाहता येतो, तो या प्रयत्नांमुळे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील नायट्रेट फिल्मींच्या साठ्याला आग लागून मोठी हानी झाली. सुरक्षित फिल्मवर प्रती वेळीच काढणे किती अगत्याचे असते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

मूल्यमापन : आजच्या दृष्टीने चित्रपटातील कॅमेरा बहुतांशी स्थिर असून अभिनयावर रंगभूमीची छाप आहे. तथापि घरगुती विनोद, बालकाचा निःसंकोच अभिनय व अद्‌भुताची मांडणी यांचा त्यात साधलेला मेळ अद्यापि परिणामकारक वाटतो. मोठे भांडवल व तयार तंत्रज्ञ नसताना, नाशिकसारख्या गावी, घरच्या माणसांच्या साहाय्याने अद्‌भुत कथा पडद्यावर उतरविता येते, हे कालियामर्दनाने सिद्ध केले. परेश मोकाशी यांच्या हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९) या मराठी चित्रपटाने फाळके यांच्या पहिल्या निर्मितीची कहाणी नव्या पिढीपुढे आणली. प्रत्यक्ष त्यांच्या हातचे काम सलगपणे पाहावयाचे, तर मात्र कालियामर्दनाकडेच वळावे लागते.