राखणदार कोण आणि मालक कोण? : इंग्लंडच्या गेमकीपरपासून आपल्या वनरक्षकापर्यंत

वनरक्षक भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांमधली मुलं-मुली पहाटे उठून रस्त्यावर धावू लागतात. मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन. अभ्यासिकेत सामान्य ज्ञानाची पुस्तकं उघडली जातात. सरकारी नोकरी आहे, पगार आहे, वर्दी आहे, धावलंच पाहिजे. पण या नोकरीचा इतिहास त्या पुस्तकांत नसतो. जंगल राखायचं म्हणजे कोणासाठी आणि कोणापासून राखायचं, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. म्हणून तो आम्ही इथे विचारतो आहोत.

उत्तरासाठी आधी इंग्लंडकडे पाहावं लागतं. आपल्या वनकायद्याचा साचा इंग्रजांनी घडवला, वन अधिकाऱ्यांचं शिक्षणही त्यांनीच सुरू केलं. त्यांच्या स्वतःच्या देशात रान आणि शिकार राखण्याचा धंदा त्याआधीच कित्येक पिढ्या चालत होता. त्या राखणदाराला म्हणतात 'गेमकीपर'. मालकाच्या रानातले फेझंट, तितर, ससे, हरणं सांभाळायची, कोल्हे मारायचे आणि चोरून शिकार करणाऱ्या गरिबाला पकडायचं, हे त्याचं काम.

आज तिथे हे काम कॉलेजात शिकवलं जातं. हॅम्पशायरमधल्या स्पारशोल्टसारख्या शेती-जमिनीशी निगडित कॉलेजांत सोळाव्या वर्षानंतर मुलं गेमकीपिंग किंवा ग्रामीण परिसर व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घेतात. अंड्यातून फेझंटची पिल्लं काढून वाढवणं, झाड बुंध्याशी तोडून नवे फुटवे घेणं, जिवंत कुंपण वाकवून विणणं, पाणथळ जागा आणि गवताळ रानं सांभाळणं, पक्ष्यांची मोजदाद, यांत्रिक करवतीचा परवाना, बंदुकीचा कायदा, हे सगळं त्यात येतं. हाताने काम आणि वर्गात शास्त्र, दोन्ही. शेवटी प्रमाणपत्र. हाताच्या कामाला तिथे प्रतिष्ठित विद्या मानलं जातं, ही गोष्ट आपण मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला शूद्र-अतिशूद्र ठरवून त्याची विद्याच नाकारली गेली.

पण चांगल्या अभ्यासक्रमाकडे पाहून भुलायचं नाही. त्याच्या मागचा इतिहास रक्ताचा आहे.

१०६६ साली नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर मोठमोठे प्रदेश राजाच्या शिकारीसाठी राखीव केले. १०७९ च्या सुमाराचं 'न्यू फॉरेस्ट' त्यातलंच. त्या काळच्या कायद्यात 'फॉरेस्ट' या शब्दाचा अर्थ झाडी असा नव्हता. जिथे राजाचा शिकारीचा कायदा चालतो तो प्रदेश, असा होता. लोकांच्या दबावातून १२१७ साली 'वनांची सनद' निघाली. तिने चराई, जळण यांसारखे काही सामाईक हक्क मान्य केले आणि हरणासाठी माणसाचा जीव घेण्याची किंवा अवयव तोडण्याची शिक्षा बंद केली.

पुढे राजाची जागा जमीनदारांनी घेतली. १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क सर्वसाधारणपणे वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता ठेवला. स्वतःच्या लहानशा शेतात आलेला ससा मारणंही छोट्या शेतकऱ्यासाठी गुन्हा झालं. याच कायद्याने जमीनदाराच्या गेमकीपरला गरिबांच्या घरात शिरून झडती घेण्याचा, बंदुका, जाळी आणि कुत्री जप्त करण्याचा अधिकार मिळवून दिला. १७२३ साली 'ब्लॅक अॅक्ट' आला. विंडसर आणि वॉल्थमच्या रानांत तोंडाला काजळी फासून हरणं मारणाऱ्यांच्या विरोधात तो केला होता, आणि त्यात फाशीची शिक्षा होती. १८१६ च्या कायद्याने रात्री शिकारीची हत्यारं घेऊन रानात सापडलेल्याला सात वर्षं काळ्या पाण्यावर पाठवता येत होतं. रानात लपवलेल्या, दोरीला पाय लागताच आपोआप सुटणाऱ्या बंदुकांवर १८२७ साली बंदी आली. तोवर सशाच्या रक्षणासाठी माणसावर बंदूक रोखून ठेवणं कायदेशीर होतं!

याच काळात गावांची सामाईक रानं आणि गायरानं कायद्याने कुंपणात गेली. १६०४ ते १९१४ या काळात अशा ५,२०० हून अधिक कायद्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमीन बंदिस्त केली. काल जिथे शेळ्या चरत होत्या तिथे आज शेळीवाला घुसखोर ठरला.

१८३१ साली इस्टेटीची अट गेली आणि परवाना घेऊन शिकार करता येऊ लागली. तरी जमीन ज्याची, रानही त्याचंच राहिलं. व्हिक्टोरियाच्या काळात बड्या लोकांच्या शिकारीचे थाट वाढले, तसे गेमकीपरही वाढले. १९११ च्या जनगणनेच्या सुमारास ब्रिटनमध्ये त्यांची संख्या वीस हजारांहून अधिक होती. हा गेमकीपर कोण होता? तोही मजुराचाच मुलगा. पोटासाठी मालकाची बंदूक खांद्यावर घेऊन तो आपल्याच शेजाऱ्याला पकडत होता. बाबासाहेबांनी जातीव्यवस्थेबद्दल सांगितलं की ती केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. गेमकीपर आणि चोरटा शिकारी यांच्याकडे पाहिलं की श्रमिकांना श्रमिकांवर सोडण्याचं तंत्र वर्गव्यवस्थाही कसं वापरते, ते दिसतं.

इथे एक फरक मात्र पुसू नये. इंग्लंडमधली अट इस्टेटीची होती, जन्मजात विटाळाची नव्हती. पैसा हाती आला तर माणूस ती रेषा ओलांडू शकत होता. आपल्याकडे पैसा येऊनही तळ्याचं पाणी मिळत नव्हतं. म्हणून 'तिकडेही असंच होतं' असं म्हणून जातीचा गुन्हा सौम्य करणाऱ्यांना आमचं उत्तर आहे: नाही, तिकडे असंच नव्हतं.

तरीही तिथल्या कामगारांच्या एका लढ्याचं नातं आपल्याला ओळखता येतं. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातले शेकडो कामगार तरुण किंडर स्काउट या डोंगरावर चालत गेले. तिथे बड्या लोकांच्या शिकारीसाठी रान राखलेलं होतं, चालायलाही बंदी होती. वाटेत गेमकीपरांशी झटापट झाली. वीस वर्षांचा बेनी रॉथमन त्यांचा पुढारी होता. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्याच्या पाच वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला, महाडला आपले लोक चवदार तळ्यावर चालत गेले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता आणि महाडचा प्रश्न माणूसपणाचा होता. पण जे सगळ्यांचं आहे त्यावर पाऊल ठेवल्याशिवाय ते आपलं होत नाही, हे दोन्हीकडच्या माणसांना उमगलं होतं.

किंडरच्या लढ्याने हवा तयार केली. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली किंडर ज्या भागात येतो तो पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान बनला. आता रान सांभाळणं हे फक्त मालकाच्या शिकारीसाठीचं काम उरलं नाही. लोकांसाठी, पाखरांसाठी, पाण्यासाठी सांभाळणारी माणसंही लागू लागली. बापाकडून मुलाकडे जाणारा धंदा कॉलेजात आला, त्याला निसर्गरक्षणाचं शास्त्र जोडलं गेलं. हा बदल खरा आहे.

पण अर्धाच. २०१९ साली गाय श्रबसोल यांच्या 'हू ओन्स इंग्लंड?' या पुस्तकाने दाखवलं की इंग्लंडची निम्मी जमीन एक टक्क्याहूनही कमी लोकांच्या हाती आहे. २००० सालच्या कायद्याने मोकळेपणी फिरण्याचा हक्क दिला, तो इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के जमिनीपुरता. म्हणजे राखणदार शिकला, त्याला प्रमाणपत्र मिळालं, पगार मिळाला. मालक मात्र तोच राहिला.

आता आपल्याकडे येऊ. १८७८ साली दोन गोष्टी झाल्या. त्या वर्षीच्या वनकायद्याने सरकारला राखीव जंगलं जाहीर करण्याचे मोठे अधिकार दिले, आणि त्याच वर्षी डेहराडूनला वनविद्यालय सुरू झालं. कुंपण आणि शाळा एकाच वर्षी उभे राहिले, हे लक्षात ठेवा. वरच्या जागांवरचे गोरे अधिकारी १८८५ पासून इंग्लंडमध्येच, विंडसरजवळच्या कूपर्स हिलच्या कॉलेजात शिकून येऊ लागले. १९०५ मध्ये ते शिक्षण ऑक्सफर्डला गेलं. ज्या विंडसरच्या रानासाठी ब्लॅक अॅक्ट झाला होता, त्याच्याच शेजारी आपल्या जंगलांचे साहेब घडले. डेहराडूनला घडले ते मुख्यतः त्यांच्या हाताखालचे रेंजर. आणि जंगल पायाखाली घातलेले, माग काढणारे, पाखरांची भाषा कळणारे आदिवासी आणि पारधी? त्यांच्यासाठी शाळा नव्हती, कायदा होता. १८७१ च्या कायद्याच्या आधाराने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला; तो कायद्याने पुसायला १९५२ साल उजाडलं. समाजाच्या नजरेतून तो आजही पुसलेला नाही.

हे सगळं घडत असताना ओळखणारा माणूस आपल्याकडे होता. तात्यासाहेब, म्हणजे महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगर-गायरानं जंगल खात्याने घशात घातल्यामुळे गरीब शेतकऱ्याची गुरं-शेळ्या कशा उपाशी पडल्या, हे त्यांनी त्यात मांडलं. कायदा नवा होता, पाच वर्षांचा. तात्यासाहेबांनी तो लगेच ओळखला.

आणि राखणदारी आपल्याला नवी आहे का? गावाची शीव महाराला ठाऊक असायची. शिवेचा वाद झाला की साक्ष त्याची. रात्रीची गस्त त्याची, सरकारी टपाल पोचवणं त्याचं, मेलेलं ढोर ओढणं त्याचं. गावभर राखण करायची आणि गावात जागा मात्र वेशीबाहेर. या कामाला 'वतन' असं भारदस्त नाव दिलं म्हणून त्यातली गुलामी लपली नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेसाठी विधेयक मांडलं. वतनाची जमीन सुटेल या भीतीने आपल्यातलेही काही लोक कुरकुरत होते. बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती: जन्माने लादलेली चाकरी माणसाला वर येऊ देत नाही. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं गेली.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. राखणदारी जन्माने लादली तर ती गुलामी. शिकून, पगार घेऊन केली तर तो व्यवसाय. पण राखणाऱ्याला त्या रानावर हक्कही असेल, तरच ती मुक्ती. इंग्लंड दुसऱ्या पायरीवर थांबलं. आपल्याला तिसरी गाठायची आहे आणि तिचा दरवाजा कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क दिला आणि कलम ५ ने ते जंगल, वन्यजीव, पाणी राखण्याचा अधिकारही दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली असा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. तिथे राखणदार आणि मालक ही दोन वेगळी माणसं राहिली नाहीत.

यात आपल्यासाठी एक मेख आहे, ती कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाच्या जंगलालगत गोंड-माडियांच्या शेजारी बौद्ध वस्त्याही आहेत. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. आपण मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो आणि त्या तारखेच्या आधी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना लिहू-वाचू दिलं नाही, त्यांच्याकडेच कागद मागितला जातो! पण नियमांनी वडीलधाऱ्यांची लेखी जबानी, जुनी थडगी-विहिरी, घरांच्या खुणा असे पुरावेही मान्य केले आहेत. ते गोळा करायला शिकलेली पोरं लागतात. वस्तीतल्या म्हाताऱ्या आजी आहेत तोवर त्यांच्या तोंडून हे लिहून घ्या.

'जंगल, पाखरं हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, आपला विषय नाही,' असं म्हणणारे मित्र आम्हाला भेटतात. त्यांनी अशोकाकडे पाहावं. शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचं सम्राट अशोकांनी शिलालेखात कोरून ठेवलं. पाचव्या स्तंभलेखात न मारायच्या पशुपक्ष्यांची यादी दिली आणि विनाकारण जंगल जाळू नये असं बजावलं. प्राणिमात्रांची काळजी हा आपल्या परंपरेचाच भाग आहे. आणि 'माणसं हटवा, वाघ वाचवा' म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो: वाघ वाचवण्याचं प्रशिक्षण आणि पगार त्याच माणसांना का नाही?

आपल्या मागण्या साध्या आहेत. जंगलालगतच्या तालुक्यांत बारावीनंतर हाताच्या कामासह निसर्गरक्षणाचे व्यावसायिक अभ्यासक्रम सुरू व्हावेत. आदिवासी, पारधी आणि वननिवासी दलितांचं ज्ञान तिथे शिक्षकाच्या खुर्चीवर बसावं. ग्रामसभेच्या जंगलात काम करणाऱ्याला कायम पगार मिळावा.

तोवर पहाटे धावणाऱ्या आमच्या भावा-बहिणींनो, धावत राहा. वर्दी मिळवा. पण वर्दी चढवल्यावर सरपणाची मोळी घेतलेली म्हातारी समोर आली, तर आपण कोणाच्या बाजूने उभे आहोत हे विसरू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!