गर्भावस्थेतील प्राणवायूची उणीव व मेंदूची इजा

वार व नाळेवाटे गर्भाला मिळणारा प्राणवायू घटल्याने वाढत्या मेंदूतील पेशी दुखावणे किंवा मरणे. पोटातले मूल एरवीही कमी प्राणवायूवरच जगते. त्याचे हिमोग्लोबिन आईच्या रक्तातून प्राणवायू जोमाने खेचून घेते, म्हणून भागते. पुरवठा आणखी उतरला, की गर्भ हातपाय, आतडी व मूत्रपिंडे यांचे रक्त आखडतो आणि मेंदू, हृदय व अधिवृक्क ग्रंथींकडे वळवतो. ही काटकसर कित्येक आठवडे चालते. मूल खुरटते, डोके मात्र शरीराच्या मानाने मोठे राहते. ही काटकसरही पुरेनाशी झाली, की पेशींची ऊर्जा संपते, ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन साचते व पेशींत कॅल्शियम शिरते. रक्तपुरवठा परतल्यावर काही तास सारे सावरल्यासारखे वाटते. मग इजेची दुसरी लाट येते.

24 ते 32 आठवड्यांच्या सुमारास मेंदूतील श्वेतद्रव्य सर्वांत नाजूक असते. दिवस भरलेल्या बाळाचा पुरवठा एकाएकी तुटला, तर थॅलॅमस व मेंदूचा गाभा मार खातो.

लंडनच्या विल्यम लिटल यांनी 1861 मध्ये मुलांतील हातपायांच्या ताठरपणाचा दोष अवघड बाळंतपणाला दिला. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1897 मध्ये शंका काढली: बाळंतपणच अडते ते आधी काही बिघडल्यामुळे नसेल कशावरून? फ्रॉइड यांचे म्हणणे आज अधिक पटते. मेंदूच्या पक्षाघाताची (सेरेब्रल पाल्सी) बहुतेक प्रकरणे प्रसूतीतील गुदमरण्याने होत नाहीत. गळ्याला नाळेचा वेढा कितीतरी सुदृढ बाळांनाही असतो. दोष मात्र हमखास त्याच्यावर येतो.

जन्मताना गुदमरलेल्या बाळाला सहा तासांच्या आत 33.5 अंश सेल्सिअसवर 72 तास थंड ठेवणे हा श्रीमंत देशांतील मान्य उपचार. मुंबईच्या शीव रुग्णालयासह भारत, श्रीलंका व बांगलादेशातील 408 बाळांवरील हेलिक्स चाचणीत (2021) थंड केलेल्या गटात 42 टक्के बाळे दगावली, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात 31 टक्के. श्वेतद्रव्याची इजा बरीच दिसल्याने, या बाळांतील प्राणवायूचा तुटवडा जन्माआधीपासून रेंगाळलेला असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

झरी (ता. तलासरी, जि. पालघर) व डहाणूच्या आदिवासी पट्ट्यात या विषयाची सुरुवात म्हणूनच प्रसूतीच्या खोलीत नव्हे, गरोदरपणाच्या नोंदणीपाशी करावी लागते. हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्या खाली गेले, तर आईचे रक्त प्राणवायू पुरेसा वाहू शकत नाही. या भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात विळ्याच्या आकाराच्या पेशी वारेतील बारीक वाहिन्या तुंबवतात. नुसती वाहक असलेली बाई मात्र सहसा ठणठणीत असते. रक्तदाब वाढणे व मलेरिया ही आणखी दोन कारणे. रक्त व रक्तदाब आशाताई व परिचारिकेच्या मदतीने पाड्याजवळच तपासता येतात. नाळेतील प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीसाठी मोठे रुग्णालय गाठावे लागते. बाळाची हालचाल मंदावल्याचे सर्वांत आधी कळते ते आईलाच, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.