रोझेलचा उन्हाळा : आनंदीबाईंच्या चरित्रातले चार महिने

१८८३ साली दोन मराठी स्त्रिया शिक्षणासाठी समुद्र ओलांडून गेल्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पंडिता रमाबाईंनी त्याच एप्रिलमध्ये मुंबईहून इंग्लंडची वाट धरली. पहिली अठरा वर्षांची, दुसरी पंचविशीची. रमाबाई वाँटेज येथे अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाई न्यू जर्सीतल्या रोझेल गावी एका कुटुंबात राहिल्या आणि ऑक्टोबरच्या आरंभी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, त्या हिंदू म्हणूनच. रमाबाईंचा निर्णय त्यांच्या स्वतंत्र विचाराचा होता. तो केवळ मुक्कामाच्या जागेने घडला असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. परंतु परदेशी गेलेला विद्यार्थी कोणाच्या छपराखाली राहतो, या प्रश्नाचे महत्त्व या दोन मुक्कामांवरून लक्षात यावे.

आनंदीबाईंचे चरित्र आपल्याला पाठ असते. कल्याणचा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, पदवी, आणि बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी पुण्यात मृत्यू. श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीपासून हे चरित्र ‘आनंदी’ आणि ‘गोपाळ’ या दोन नावांत बसून गेले आहे. त्यात तिसरे नाव हवे, ते थिओडोशिया कार्पेंटर यांचे.

या नात्याची सुरुवात एका नकारातून झाली. १८७८ साली कोल्हापूरला पोस्टात नोकरीस असताना गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र अमेरिकी मिशनऱ्यांना लिहिले. ते पोहोचले रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडे. वाइल्डर यांनी पूर्वी कोल्हापुरातच मिशन चालवले होते आणि आता ते प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे मासिक काढत. त्यांनी पत्र छापले, सोबत आपले उत्तरही छापले. उत्तराचा मथितार्थ असा की, आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा, मग बोलू. गोपाळरावांच्या बाजूने विषय तिथे संपला होता. पण १८८० साली दंतवैद्याकडे वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती तो जुना अंक पडला, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि पुढची तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. रीतीभाती, सण, बालविवाह, प्रकृती असे सारे विषय त्यांत आले. आनंदीबाईंची डोकेदुखी आणि ताप हटेना, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. मिशनने घातली होती तशी कोणतीही अट या मावशीने घातली नाही.

रोझेल हे न्यूयॉर्कपासून रेल्वेने थोड्याच वेळात गाठता येणारे छोटेसे गाव. त्याच वर्षी १९ जानेवारीला एडिसनने खांबांवरून तारा नेऊन तिथे विजेचे दिवे लावले होते. या पद्धतीने उजळलेले ते पहिलेच गाव म्हणून ओळखले जाते. कार्पेंटर कुटुंब मात्र धनाढ्य नव्हते, नवरा-बायको आणि मुले असा साधा मध्यमवर्गीय संसार होता. आपल्याकडे ‘अमेरिकेने आनंदीबाईंना आश्रय दिला’ असे सहज लिहिले जाते. प्रत्यक्षात त्यांना बंदरावर उतरवून घ्यायला एक गृहिणी आली होती आणि तिने त्यांना आपल्या घरी नेले.

त्या घरी आनंदीबाईंनी आपले लुगडे, कुंकू आणि शाकाहार सोडला नाही. फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर सांगितले होते. ते वचन पाळण्याचे श्रेय त्यांच्या निग्रहाला आहेच. पण परक्या देशात असा निग्रह रोज जेवणाच्या पंगतीला कसाला लागतो. घरातल्या माणसांनी तो अवघड केला नाही, याचीही नोंद व्हायला हवी.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नवव्या वर्षापासून आनंदीबाई गोपाळरावांच्या धाकात वाढल्या. गोपाळरावांनीच त्यांना शिकवले आणि शिकवण्यासाठी मारलेही. रोझेलला त्या आयुष्यात प्रथमच वडील किंवा नवरा यांच्या आज्ञेबाहेरच्या घरात राहिल्या आणि दुसऱ्या एका जोडप्याचा संसार त्यांनी आतून पाहिला. पुढे अमेरिकेतूनच त्यांनी नवऱ्याला पत्रातून लहानपणीच्या त्या माराची आठवण दिली. हिंदू पत्नीला सोसण्यावाचून गत्यंतर नसते, हेही स्पष्ट लिहिले. उपकारांची जाणीव ठेवूनच हे लिहिलेले आहे. असे लिहिण्याचे बळ समुद्रापलीकडच्या अंतराने दिले, तसे रोझेलच्या घरानेही दिले असावे, असा माझा तर्क आहे. पुरावा म्हणून दाखवता येईल असे एखादे वाक्य नाही. पत्रांचा बदलता सूर तेवढा आहे.

ऑक्टोबरात हे घर सुटले. फिलाडेल्फियाची थंडी, अपुरे अन्न आणि अभ्यासाचा भार यांनी आधीच नाजूक असलेली प्रकृती ढासळली. महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी माया केली, तरी आजारपणात आणि सुट्टीत मावशीचे घर हाच आधार राहिला. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. १८८३ च्या दोन प्रवासिनी तिथे भेटल्या. एकीने धर्म बदललेला, दुसरीने राखलेला, पण त्यामुळे आपुलकीत खंड पडला नव्हता.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई गेल्या. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली. ‘आमच्याकडे चार महिने राहून गेलेली विद्यार्थिनी’ एवढेच हे नाते असते, तर घरच्या माणसांच्या शेजारी ही जागा मिळाली नसती. गोपाळरावांचा हट्टी, तऱ्हेवाईक स्वभाव सर्वश्रुत आहे. तरी पत्नीचे माहेर कुठे आहे, हे या एका बाबतीत त्यांनी बरोबर ओळखले होते.

आज आपल्या घराघरांतून मुले परदेशी शिकायला जातात. विद्यापीठाचे नाव आपण चारचौघांत सांगतो. मूल उतरले कोणाच्या घरी, हे सांगायचे राहून जाते. आनंदीबाईंच्या बाबतीत आपण गेली सव्वाशे वर्षे तेच करत आलो आहोत.