४४५ दिवसांचे वर्ष

इ.स.पू. ४६ च्या ६ एप्रिलला उत्तर आफ्रिकेत, थाप्ससच्या लढाईत, ज्युलियस सीझरने विरोधकांचा धुव्वा उडवला. ही तारीख रोमन कॅलेंडरची. आकाशातला सूर्य मात्र अजून फेब्रुवारीच्या आरंभीच होता. रोमचे कॅलेंडर ऋतूंना दोन महिने मागे टाकून पुढे पळाले होते.

रोमन वर्ष ३५५ दिवसांचे. तूट भरायला अधूनमधून फेब्रुवारीच्या अखेरीस जादा महिना घालत. अधिक महिना आपल्यालाही ओळखीचा आहे, पण आपला धोंड्याचा महिना गणिताने येतो: ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत नाही, तो अधिक. चीनमध्ये हान दरबाराचे इ.स.पू. १०४ पासूनचे पंचांग १९ वर्षांत ७ अधिक महिने घाली. बॅबिलोनच्या ज्योतिषांचेही चक्र तेच, आणि त्याहून कितीतरी जुने. रोममध्ये मात्र हा निर्णय पुरोहितमंडळाच्या हाती होता, आणि हे पुरोहित मुरलेले राजकारणी होते. महिना घातला की पदावरच्या मित्राची मुदत वाढे. टाळला की शत्रूची लवकर संपे. किलिकिया प्रांताच्या सुभेदारीला कंटाळलेला रोमन राजकारणी सिसेरो इ.स.पू. ५१ मध्ये रोममधल्या मित्रांना पत्रांतून विनवत होता की काहीही करा, पण यंदा महिना वाढू देऊ नका.

गंमत अशी की इ.स.पू. ६३ पासून मुख्य पुरोहित खुद्द सीझरच होता. गॉलच्या मोहिमा आणि मग यादवी, यांत अधिक महिने राहूनच गेले.

उपाय इजिप्तमध्ये तयार होता. तिथले वर्ष ३६५ दिवसांचे. इ.स.पू. २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या काळात पुरोहितांनी कनोपस इथे ठराव करून दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचे ठरवलेही होते. तो शिलालेख १८६६ मध्ये टानिसला सापडला. लीप वर्षाचा खरा मूळपुरुष हा ठराव. पण लोकांनी तो पाळलाच नाही. सीझरचा सल्लागार सोसिजेनिस अलेक्झांड्रियाचा होता. शोधाचे श्रेय सीझरला देता येत नाही. पुरोहितांची मनमानी मोडून काढल्याचे मात्र द्यावेच लागते.

आधी साचलेली थकबाकी फेडायची होती. फेब्रुवारीनंतर २३ दिवस घातले गेलेच होते. मग नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मध्ये आणखी ६७ दिवस घुसवले. ३५५ अधिक ९०, म्हणजे ४४५ दिवस! या लांबलचक वर्षात सीझरचा विरोधक केटो याने यूटिकात आत्महत्या केली, रोममध्ये सीझरच्या चार विजययात्रा निघाल्या, गॉलचा पराभूत सरदार वर्सिंगेटोरिक्स मारला गेला आणि क्लिओपात्रा रोमला आली. इ.स.पू. ४५ च्या १ जानेवारीला नवे वर्ष सुरू झाले, ३६५ दिवसांचे. चौथ्या वर्षीचा जादा दिवस २९ फेब्रुवारी नव्हता. २४ फेब्रुवारीच दोनदा मोजायचा होता.

पुढच्याच वर्षी सीझरचा खून झाला आणि पुरोहितांनी पुन्हा घोळ घातला. रोमन मोजणीत सुरुवातीचे वर्षही धरत, म्हणून त्यांचे ‘दर चौथे’ वर्ष प्रत्यक्षात दर तिसरे ठरले. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ दिवस वाढले. शेवटी ऑगस्टसने जादाचे तीन दिवस जिरेपर्यंत लीप वर्षेच थांबवली.

उरली एक बारीक चूक. सीझरचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. १५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने १० दिवस गाळून कॅलेंडर सुधारले. इंग्रजांनी पोपचे ऐकायला १७५२ साल उजाडावे लागले. तोवर त्यांच्या इथल्या वखारींतली पत्रे सीझरच्याच हिशोबाने लिहिली जात. म्हणून ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ या दिवशी रायगडावर झालेल्या शिवराज्याभिषेकाची तारीख आपण ६ जून १६७४ म्हणतो. आजच्या कॅलेंडरने तो शनिवार १६ जूनला येतो.