जोन्सटाऊनचा ध्वनिक्षेपक आणि माजी सदस्याची साक्ष

'कल्ट' या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागले की अडचण येते. 'पंथ' म्हणावे तर तो शब्द वारकरी, महानुभाव, नाथ यांच्या सहवासाने प्रतिष्ठित झालेला आहे. 'बुवाबाजी' म्हणावे तर फसवणूक तेवढी सूचित होते, घरदार विकून एका माणसामागे समुद्रापार जाणारी श्रद्धा सूचित होत नाही. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

१८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानाच्या जंगलातील जोन्सटाऊन येथे जिम जोन्सच्या 'पीपल्स टेम्पल' या संघटनेतील नऊशेहून अधिक माणसे विषाने मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे तीनशे मुले होती. 'सामूहिक आत्महत्या' हा रूढ शब्दप्रयोग त्यामुळे मला नेहमीच खोटा वाटत आला आहे. पुढे एफबीआयच्या हाती तेथील नऊशेहून अधिक ध्वनिफिती आल्या. माहितीच्या कायद्याचा आधार घेऊन लेखक जेम्स रेस्टन (कनिष्ठ) यांनी त्या मिळवल्या आणि १९८१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओने 'फादर केअर्स : द लास्ट ऑफ जोन्सटाऊन' हा दीड तासाचा श्राव्य माहितीपट प्रसारित केला. निवेदन नोआ ॲडम्स यांचे, निर्मिती डेबोरा एमॉस यांची. आकाशवाणीच्या परिभाषेत याला 'रूपक' म्हणता येईल, परंतु यात अभिनय नव्हता. प्रत्यक्ष जोन्स बोलत होता.

या कृतीचे बळ आणि तिचा धोका दोन्ही येथेच आहेत. डेबोरा लेटन ही तरुणी मे १९७८ मध्ये गयानातून निसटली आणि जूनमध्ये तिने प्रतिज्ञापत्र केले. त्यात सामूहिक मृत्यूच्या रंगीत तालमींचा उल्लेख आहे, आणि जोन्स ध्वनिक्षेपकावरून दिवसाला सरासरी सहा तास बोलत असे, हाही. शेतात राबताना, जेवताना, अंथरुणावर पडल्यावर तोच आवाज. म्हणजे तिचा अनुभव मुळातच श्राव्य होता. ज्या आवाजाने माणसाच्या मनात दुसऱ्या विचाराला जागा उरू दिली नाही, तो आवाज पुन्हा आपल्या दिवाणखान्यात लावायचा, आणि तोही प्रभावी करून लावायचा, यात कळत नकळत आपण ध्वनिक्षेपकाचेच काम करत नाही ना, हा प्रश्न निर्मात्याला टाळता येत नाही.

शिवाय फीत म्हणजे निखळ पुरावा, हा आपला भाबडा समज आहे. अखेरच्या दिवसाच्या सुमारे पाऊण तासाच्या फितीवर यंत्र अनेकदा थांबवून पुन्हा सुरू केल्याच्या खुणा आहेत. संपादन निर्मात्याच्या आधीच होऊन गेले होते. त्या फितीवर क्रिस्टिन मिलर नावाची स्त्री जोन्सशी वाद घालते, मुलांच्या जगण्याचा हक्क सांगते. जमाव तिला गप्प करतो. तिचा विरोध आपल्याला ऐकू येतो, कारण त्या सभेत यंत्र चालू होते. बराकींतल्या कुजबुजीची फीत कोण करणार?

ही उणीव केवळ माजी सदस्यच भरून काढू शकतो, पण त्याची साक्ष माध्यमाला गैरसोयीची असते. ती उशिरा येते, अडखळत येते. लेटन यांचे आत्मकथन 'सिडक्टिव्ह पॉयझन' १९९८ साली, म्हणजे वीस वर्षांनी आले. 'मी तेव्हा विश्वास ठेवला' आणि 'आता मला कळते' ही दोन वाक्ये एकाच कंठातून निघतात. संकलक त्यांच्यामधला विराम कापतो, तेव्हा कार्यक्रम आटोपशीर होतो, आणि साक्षीदार मूर्ख ठरतो. माझ्या मते त्या विरामातच साक्षीचा सगळा अर्थ असतो.

१९९७ मध्ये ३९ जणांनी जीवन संपवलेल्या 'हेवन्स गेट' या गटावर २०१७ मध्ये आलेल्या श्राव्य मालिकेने वेगळी वाट धरली. तिचे निवेदक ग्लिन वॉशिंग्टन हे स्वतः एका कडव्या धार्मिक संघटनेत लहानाचे मोठे झाले. बाहेर पडलेल्यांना ते 'तुम्ही फसलात कसे?' असे विचारत नाहीत. तेथे काय चांगले वाटले होते, हेही ऐकून घेतात. त्यामुळे श्रोत्याला वरच्या पायरीवर उभे राहायला जागा मिळत नाही.

जोन्सटाऊनच्या फितींची लिप्यंतरे आज सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वाचता येतात. जोन्सच्या वाक्यांपुढे त्याचे नाव आहे. इतर अनेकांच्या पुढे 'अनोळखी स्त्री', 'अनोळखी पुरुष' एवढेच. त्यांतील काही आवाज माजी सदस्यांनी ओळखले, आणि त्या ओळींपुढे आता नावे आहेत.