निऊ, हर-२ आणि मार्कर म्हणजे काय

पुण्यातल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबचा स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट बघितलात तर ईआर, पीआरच्या जोडीला हर-२ दिसेल: ०, १+, २+ किंवा ३+. हर-२ हा पेशीच्या पडद्यावरचा रिसेप्टर. त्याचा आतला भाग टायरोसिन कायनेज आहे, म्हणजे चक्क एन्झाइम. तो फॉस्फेट चिकटवतो आणि पेशीला वाढायचा निरोप जातो.

या गोष्टीत मुंबईही आहे, हे आपल्या लेक्चरमध्ये सहसा येत नाही. मुंबईहून अमेरिकेत गेलेले लक्ष्मीचरण पाढी रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या लॅबमध्ये काम करत होते. उंदराच्या न्यूरोब्लास्टोमाचा डीएनए घालून कर्करोगी बनवलेल्या पेशींत एक विशिष्ट फॉस्फोप्रोटीन दिसतं, हे त्यांनी १९८२ मध्ये दाखवलं. ट्यूमरवरून जनुकाचं नाव पडलं निऊ. १९८५ मध्ये माणसातलं जनुक क्लोन झालं, त्याला हर-२ आणि अर्ब-बी-२ म्हणू लागले. (लिटरेचर शोधताना तिन्ही नावं टाका, नाहीतर जुने पेपर निसटतात.)

पण जनुक सापडलं म्हणजे मार्कर मिळाला असं नाही. त्यासाठी गाठी हव्यात, आणि त्या गाठी ज्यांच्या होत्या त्या बायकांचं पुढे काय झालं याची नोंद हवी. डेनिस स्लेमन यांच्या १९८७ च्या पेपरमध्ये १८९ गाठी आहेत. आधी १०३ तपासल्या. मग अशा ८६ घेतल्या, ज्यांत कर्करोग काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचला होता आणि रुग्णांचा फॉलो-अप हाताशी होता. एकूण सुमारे ३० टक्के गाठींत जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या, आणि त्या रुग्णांत आजार लवकर उलटत होता. माझ्या मते या पेपरचं खरं बळ फॉलो-अपच्या वहीत आहे, जेलमध्ये नाही. प्रती वाढल्या की आरएनए आणि प्रथिनही वाढतं का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर १९८९ च्या पेपरमध्ये आलं.

१९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि मार्करचा अर्थच बदलला. आधी हर-२ सांगायचा की आजार कसा वागेल. आता तो हेही सांगतो की कोणतं औषध लागू पडेल. पहिल्याला प्रॉग्नोस्टिक म्हणायचं, दुसऱ्याला प्रेडिक्टिव्ह. म्हणून आज २+ आलं की फिश टेस्ट करून प्रती मोजतात, कारण उपचार त्यावर ठरतो. आणि जुना सर्व्हायव्हल कर्व्ह वाचताना आधी बघा, त्यातल्या बायकांना हे औषध मिळालं होतं का.