तलाव कुणाचा, मासा कुणाचा?

आपल्या किनवटहून पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. त्याच्या पूर्व टोकाला, भंडारा-गोंदियात, कोहळींनी बांधलेले शेकडो जुने तलाव आहेत. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. पुढं ढिवरांच्या सोसायट्यांनी ते ठेक्यानं घेऊन रोहू-कटल्याचं बीज सोडलं. पण बेशरम माजली, पाणवनस्पती गेल्या, गावठी मासे घटले. तेव्हा अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांनीच बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, पाणवनस्पती लावल्या. माशाला आधी चारा हवा, अंडी घालायला आडोसा हवा! गावठी मासे परतू लागले. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे जुन्या ढिवरांना तोंडपाठ. मालकी बदलली, तरी ही माहिती घराघरांत टिकली. म्हणून तलाव सावरले.